बूस्ट वाढवायचाय? आधी उष्णतेचा हिशेब

प्रश्न (पुणे): स्कोडा ऑक्टाविया आरएस 230 आहे, 2018 ची, 46 हजार किलोमीटर झाले. ट्यूनर म्हणतो, नुसत्या रिमॅपने 300 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) मिळतील. रिमॅपआधी काय काय करून घ्यावं?

उत्तर: कंपनीचे आकडे 230 पीएस आणि 350 न्यूटन-मीटर. हे दोन लिटरचं टर्बो इंजिन सॉफ्टवेअर बदलून 290-300 पीएसपर्यंत जातं हे खरं, पण तो आकडा युरोपातल्या 98 ऑक्टेनवर आणि तिकडच्या हवेतला. आपल्याकडे एप्रिलमध्ये बाहेरच 40 अंश असतात. इंटरकूलरमधून (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) निघालेली हवा 40 ऐवजी 65 अंशांची झाली, की त्याच दाबाला तिची घनता सात टक्क्यांहून जास्त घटते. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. गरम हवेत नॉकिंग (मिश्रण आपोआप, धक्क्याने पेटणं) लवकर सुरू होतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि उरलेली ताकद तिथे जाते. त्यामुळे पैसे मोजकेच असतील, तर मोठा इंटरकूलर आधी घ्या, डाऊनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) नंतर बघू. बाजारात क्रम नेमका उलटा दिसतो, कारण डाऊनपाइपचा आवाज येतो आणि इंटरकूलरचा येत नाही.

प्लग नवे बसवा, एक दर्जा ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे. इथे गफलत होते: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड. गॅप 0.6 ते 0.65 मिलिमीटर ठेवा आणि फिलर गेजने स्वतः मोजा, डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. ऑइल व्हीडब्ल्यू 502.00 मान्यतेचं 5डब्ल्यू-40, दर साडेसात हजार किलोमीटरला बदला. गिअरबॉक्स ओल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आहे. त्याचं ऑइल आणि फिल्टर 60 हजाराला बदलायचं असतं, पण रिमॅप करणार असाल तर आत्ताच बदला. भरायला सव्वापाच लिटरच्या आसपास लागतं. पातळी मात्र ऑइल 35 ते 45 अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवूनच बघायची. थंड गाडीत मोजून भरलं तर पातळी हमखास चुकते. या गिअरबॉक्सची कंपनीने ठरवलेली मर्यादाच 350 न्यूटन-मीटर आहे. रिमॅपनंतर वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लचचा दाब वाढवून घ्यावा लागेल.

आता मॅपबद्दल, म्हणजे रिमॅपमध्ये भरायच्या सॉफ्टवेअरबद्दल. ट्यूनरला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, मॅप 95 ऑक्टेनसाठी हवा. 100 ऑक्टेन मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळतं. रात्री सातारच्या पुढे टाकी रिकामी झाली, तर मिळेल ते भरावं लागतं आणि 100 चा मॅप त्या पेट्रोलवर सारखा इग्निशन मागे खेचत राहतो. दुसरी, 2000 आरपीएमलाच 430 न्यूटन-मीटर मागू नका. कमी आरपीएमला जास्त बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) दिला की कनेक्टिंग रॉडवर सगळ्यात वाईट भार येतो, शिवाय ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका वाढतो. 3000 ला 400 पर्यंत नेलेली चढण पुरे. पुढची चाकं तसाही याहून जास्त टॉर्क पेलत नाहीत.

रिमॅपच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा डेटा लॉग घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये 2000 पासून 6500 पर्यंत पूर्ण थ्रॉटल. हे डायनोवरच (गाडी जागीच रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) करा. रस्त्यावर ती खेच दीडशेच्या घरात पोचते. लॉगमध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरला मागे घेतलेलं इग्निशन, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि इंधन रेलचा दाब हवा. मिळालेला बूस्ट मागणीपेक्षा 0.15 बारने कमी असेल तर कुठेतरी गळती आहे. पाइप एक बार दाबाने तपासा. एखाद्या सिलिंडरला अधूनमधून तीन अंश मागे घेतले तर चालतं. सगळ्यांना पाच-सहा अंश मागे जात असतील तर पाय काढा आणि मॅप परत द्या. रेलचा दाब वरच्या आरपीएमला मागणीखाली घसरत असेल तर इंधन पुरत नाहीये, त्यावर बूस्ट आणखी वाढवणं म्हणजे पिस्टन जाळणं.

प्रश्न (नाशिक): रिमॅपनंतर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की 3500 च्या आसपास गाडी मिस मारते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. हळू चालवली तर सगळं ठीक.

उत्तर: दिवा लुकलुकायला लागला की लगेच पाय काढा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. लक्षणांवरून दोष बहुतेक प्लगचा: सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि 0.8 च्या गॅपवर ती विझते. भार कमी असला की दाबही कमी, म्हणून हळू चालवताना काहीच होत नाही. गॅप 0.6 वर आणा. तरी राहिलं तर कोडमध्ये कोणता सिलिंडर आहे ते बघा आणि त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाका. मिसफायर कॉइलबरोबर हलला तर कॉइल, जागीच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. चारही कॉइल एकदम बदलायला सांगणाऱ्याला आधी ही अदलाबदल करून दाखवायला सांगा.

प्रश्न (ठाणे): एकाच गाडीचे मुंबईत आणि पुण्यात डायनोवर वेगळे आकडे आले. खरे कुठले धरायचे?

उत्तर: दोन्ही नका धरू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते आणि डायनो ती ‘करेक्शन’ने परत जोडतो. ते ठीक. टर्बो गाडीत मात्र ईसीयू ठरलेला बूस्ट गाठायला टर्बो जास्त फिरवतो, म्हणजे घट आधीच बरीच भरून निघालेली असते. वर करेक्शन लावलं की नसलेले घोडे कागदावर येतात. त्यात चाकावर मोजलेल्या आकड्याला कोणी 15 टक्के जोडतं, कोणी 20. करेक्शनशिवायचा चाकावरचा आकडा मागा. आधी-नंतरची तुलना त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, इंजिनासमोर तोच पंखा लावून करा.

कागद खरा की खोटा हे बघायला एक गणित पुरतं: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले 9549, उत्तर किलोवॅटमध्ये. तुमच्या आलेखात 5500 ला 420 न्यूटन-मीटर असेल, तर तिथे 242 किलोवॅट म्हणजे 329 पीएस दिसायलाच हवेत. त्याच कागदावर कमाल 300 पीएस लिहिलं असेल, तर दोनपैकी एक आकडा थाप आहे.

प्रश्न (कोल्हापूर): ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानावरची वेळेची शर्यत) कार्ब्युरेटरची 1.3 एस्टीम तयार करतोय. हेड अर्धा मिलिमीटर घासलं तर कॉम्प्रेशन किती वाढेल?

उत्तर: बोअर 74, स्ट्रोक 75.5, म्हणजे एका सिलिंडरचे 324.7 सीसी. अर्ध्या मिलिमीटरने चेंबरमधून (हेडमधला ज्वलनकक्ष) सुमारे 2.15 सीसी जातात. मूळ गुणोत्तर 9.5 धरलं तर चेंबर 38.2 सीसीचं, ते 36 वर येईल आणि गुणोत्तर 10 होईल. पण धरू नका, मोजा. गाडी जुनी, हेड आधी कितीदा घासलंय कोण जाणे. चेंबरवर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवा, ब्युरेटने पातळ तेल सोडा. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत सारखे आले पाहिजेत.

हेड खाली सरकलं की कॅम क्रँकजवळ येतो आणि टायमिंग थोडं मागे पडतं, म्हणून कमी-जास्त करता येणारी कॅम पुली लावा. जुळणी करताना पिस्टनवर प्लॅस्टिसिन ठेवून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवा, मग हेड उघडून वॉल्व्हने ते किती दाबलं ते बघा: इनटेकला किमान दोन, एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर राहायला हवं. सेल्फ मारून बघू नका. नंतर इग्निशन दोन अंश मागे ठेवून सुरुवात करा, मेन जेट एक पायरी मोठा घ्या आणि पूर्ण थ्रॉटलवर हवा-पेट्रोल 12.5 च्या आसपास आणा. एवढं करून फार तर पाच-सात टक्के मिळतील. वजन 60 किलोने कमी केलंत तरी जवळपास तोच फायदा, आणि तो फुकट.

प्रश्न (सांगली): 2014 ची पोलो जीटी टीएसआय काही वर्षांपूर्वी रिमॅप केली होती. आता सगळीकडे ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल). मॅप बदलावा लागेल का?

उत्तर: शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे 14.7 किलो हवा लागते, ई20 ला साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. लॅम्डा सेन्सर ते आपोआप सावरतो, पण इंजेक्टर आणि पंप आधीच टोकाला असतील तर वरच्या आरपीएमला दाब पडतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधन किती टक्के कमी-जास्त केलंय तो आकडा) बघा: पाच-सहा अधिक असेल तर ठीक, 12-15 असेल तर आधी हवेची गळती शोधा, मग मॅप. ऑक्टेनच्या बाजूने इथेनॉल उलट उपकारकच आहे. मूळ 175 न्यूटन-मीटर कुठवर वाढवलेत ते ट्यूनरला विचारा. कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीची मर्यादा 250 आहे. 220 वर थांबलेलं बरं, वाहतुकीच्या कोंडीत तो क्लच आधीच तापलेला असतो. रबरी इंधन नळ्या तपासा, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं ई20 ठेवू नका. ते पाणी शोषतं.

प्रश्न (नागपूर): कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला तर चालेल का? नंतर पीयूसीपुरता परत बसवता येईल.

उत्तर: नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर फेरफारामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवलेला फेरफार अपघातानंतर सर्वेअरला सापडला, तर दावा अडकतो. रिमॅपलाही हेच लागू आहे. ज्यांना जास्तच हवंय त्यांनी फक्त ट्रॅकवर चालणारी गाडी वेगळी ठेवावी आणि ती ट्रेलरवर न्यावी.

प्रश्न (पणजी): उघडा शंकूसारखा एअर फिल्टर बसवल्यावर आवाज मस्त येतो, पण दुपारी गाडी ओढत नाही. का?

उत्तर: कारण तो आता बॉनेटखालची हवा ओढतोय. दर दहा अंशांमागे तीन टक्के हवा कमी. मूळ डब्यात तोंड ग्रिलजवळ असतं, ते कंपनीने उगाच ठेवलेलं नाही. मूळ डबा परत लावा, हवं तर आत चांगला पॅनल फिल्टर टाका. तेल लावलेला फिल्टर असेल तर धुतल्यावर तेल बेताचंच लावा आणि रात्रभर मुरू द्या. जास्तीचं तेल एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि मोजमाप बिघडतं. तार आत्ताच मळली असेल तर त्यासाठीचाच क्लीनर स्प्रे मारा, कापसाने पुसू नका. तुटते.