हेमिंग्वे वाचला आणि माझी कथा तार झाली

मागच्या अंकात अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेकडून मी लिहिण्याबद्दल काय काय उचललं ते सांगितलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आलेत. सगळे घेणं शक्य नाही, चारच घेतेय, त्यातही पहिल्यालाच जास्त जागा जाणार कारण त्यात जी चूक आहे ती मी स्वतः बरीच वर्षं केलीये.

प्रश्न: ताई, हेमिंग्वे वाचल्यापासून मी सगळी वाक्यं छोटी केली, विशेषणं उडवली. आता कथा तार केल्यासारखी वाटते. मित्र म्हणाला, यात काहीच नाहीये. कुठे चुकतंय?

उत्तर: अरे, छोटी वाक्यं हा त्याचा मोठा धडा नाहीच. तो त्याचा अठराव्या वर्षीचा धडा. १९१७ मध्ये तो 'कॅन्सस सिटी स्टार' पेपरात बातमीदार म्हणून लागला, तिथे नव्या पोरांना लिहिण्याच्या नियमांचा एक कागद मिळायचा आणि वाक्यं छोटी लिहा हा त्यातला पहिलाच नियम. पण पुढे त्याच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीचं पहिलं पान काढून बघ, 'आणि' लावत लावत वाक्यं चांगली लांब गेलीयेत. त्यात मराठीत वेगळीच पंचाईत, आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्यं तोडली की होता, होती, होतं, होता असा ठेका धरला जातो आणि वाचणाऱ्याचे कान किटतात.

आता हिमनगाची गोष्ट. सगळे सांगतात की हिमनगाचा एक अष्टमांश भागच पाण्यावर दिसतो तसं लिहा, बाकीचं गाळा. हे त्याने १९३२ च्या 'डेथ इन द आफ्टरनून' या पुस्तकात लिहिलंय, बरोबर. पण त्याच्या लगेच पुढे तो म्हणतो की माहीत नाही म्हणून जो लेखक गाळतो त्याच्या लिखाणात नुसत्या पोकळ जागा राहतात. हे वाक्य कोणी सांगतच नाही! तुझ्या मित्राला जे 'काहीच नाही' दिसलं ना, ती ही पोकळी असावी असा माझा अंदाज.

'द ओल्ड मॅन अँड द सी' घे. (पुलंनी 'एका कोळियाने' नावाने मराठीत आणलेलं तेच. कोळी मासे पकडणाराही आणि पुन्हा पुन्हा जाळं विणणाराही, नावातच अर्धी गोष्ट सांगून टाकली त्यांनी.) चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा आणि समुद्र, एवढंच दिसतं. हेमिंग्वे एका मुलाखतीत म्हणाला होता की हे पुस्तक हजार पानांच्या वर गेलं असतं, गावातला प्रत्येक माणूस, ते कसे जगतात, कुठे शिकतात, पोरं कशी होतात, सगळं त्यात येऊ शकलं असतं. म्हणजे ते त्याला ठाऊक होतं आणि मग त्याने ठेवलं नाही.

किंवा 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' ही १९२७ ची छोटी कथा. स्पेनमधलं एक स्टेशन, ट्रेनची वाट बघणारे दोघं, बिअर. तो तिला गर्भपातासाठी तयार करतोय पण तो शब्द कथेत एकदाही येत नाही. तरी आपल्याला कळतं, कारण त्या दोघांना पक्कं ठाऊक आहे आपण कशाबद्दल बोलतोय.

तर तू असं कर, गाळायचंय ते आधी वेगळ्या वहीत पूर्ण लिही. तुझ्या नायकाचं आईशी शेवटचं भांडण कशावरून झालं, तेव्हा कोण काय म्हणालं, सगळं. मग कथेतून काढ आणि त्या मित्रालाच परत वाचायला दे. काढलेल्याचा भार उरलेल्या वाक्यांवर येतो, कसा येतो ते मला नीट सांगता येणार नाही, पण येतो.

प्रश्न: रोज लिहायला बसलं की पहिला तास कोऱ्या पानाकडे बघण्यात जातो. काही युक्ती?

उत्तर: आहे, आणि ती खरंच चालते. कथेत पुढे काय होणार हे माहीत असतानाच हेमिंग्वे त्या दिवसाचं काम थांबवायचा. आपण उलट करतो, सगळं आटेपर्यंत बसतो आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या विहिरीत बादली सोडतो. मी तर वाक्य अर्धं सोडून उठते, घरचे हसतात.

प्रश्न: पिऊन लिहा आणि शुद्धीत तपासा, असं तोच म्हणालाय ना?

उत्तर: नाही. त्याच्या नावावर खपवलेलं वाक्य आहे ते. प्यायचा भरपूर, पण लिहायला बसायचा (खरं तर उभा राहायचा, उभ्यानेच लिहायची सवय होती त्याला) पहाटे उजाडल्या उजाडल्या.

प्रश्न: शेवट किती वेळा लिहावा? आणि कच्चे खर्डे ठेवावेत की फाडावेत?

उत्तर: 'अ फेअरवेल टू आर्म्स'चा शेवट ३९ वेळा लिहिला असं त्याने सांगितलं होतं. अडचण काय होती असं विचारल्यावर म्हणाला, शब्द नीट बसवायचे होते. २०१२ च्या आवृत्तीत ते सगळे शेवट छापले तेव्हा भरले ४७! आकड्याच्या मागे लागू नका, पण तिसऱ्या खर्ड्याला कंटाळा आला तर आठवा. आणि फाडू तर अजिबात नका, कारण खर्डे होते म्हणून तर ते मोजता आले.

बरं, नुसतं जपून भागत नाही, प्रत हवी. १९२२ च्या डिसेंबरात त्याची बायको हॅडली त्याचं लिखाण सुटकेसमध्ये भरून पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या लोझानला निघाली होती, गार द लियों स्टेशनवर ती सुटकेस चोरीला गेली आणि कार्बन कॉप्याही बिचारीने त्यातच ठेवलेल्या. माझी एक अख्खी कादंबरी, म्हणजे साठ पानं, लॅपटॉपबरोबर गेली तेव्हा मला हॅडलीच आठवली होती. तेव्हापासून वहीच्या पानांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करते. अक्षर मलाही लागत नाही, तो भाग वेगळा.