पावसानंतर बॅटरीचा लाल दिवा विझत नाही, गाडी मात्र सुरू होते. बॅटरी बदलू का?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात साठलेल्या पाण्यातून पेट्रोल हॅचबॅक काढली तेव्हापासून हा दिवा लागलेलाच आहे. सेल्फ झटक्यात लागतो, तरी गॅरेजवाला दोन वर्षांची बॅटरी बदला म्हणतोय. नका बदलू, निदान तपासल्याशिवाय तरी नाही. दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी तक्रार चार्जिंगची असते. इंजिन चालू असूनही अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, जुने मिस्त्री त्यालाच डायनामो म्हणतात) करंट बहुधा बॅटरीपर्यंत पोचत नाहीये. तसं असेल तर नवी घातलीत तरी तीही उतरेल.

आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा, इंजिन बंद करून आणि चावी काढून. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल किंवा चिरा पडल्या असतील तर तो घसरतोय. पाण्यातला गाळ पुलीच्या खाचांत बसला तरी घसरतो, मग सुरू करताना चीं असा आवाज येतो. काही गाड्यांत हाच पट्टा इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही फिरवतो, त्यामुळे दिव्याबरोबर तापमानाचा काटाही चढला तर गाडी तिथेच बंद करा.

पट्टा ठीक असेल तर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) घ्या, डीसी 20 व्होल्टवर, लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी निगेटिव्हला. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा 13.8 ते 14.5 हवा. बऱ्याच नव्या गाड्या चार्जिंग स्वतःच कमी-जास्त करतात, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावूनच मोजा. आकडा 12.4 वरून हळूहळू उतरत गेला तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, आणि त्याने बॅटरीचं पाणी उकळून जातं.

चार्जिंग होत नसेल तर मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर टेकवा, काळी बॅटरीच्या निगेटिव्हलाच राहू द्या. हात आणि वायरी फिरत्या पट्ट्यापासून लांब. बोल्टवर 14.2 आणि बॅटरीवर 12.4 आले तर मधली वायर, तिचा मोठा फ्यूज किंवा गंजलेलं टर्मिनल दोषी. दोन्हीकडे कमी आले तर दोष अल्टरनेटरकडे.

पाण्यातून गेलेल्या गाडीत माझा पहिला संशय अल्टरनेटरच्या मागच्या छोट्या कपलरवर (वायरींचा प्लग) आणि आतल्या कार्बन ब्रशवर असतो. कपलर काढून पिना बघा. हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, मग जोडा. ब्रश होल्डरमध्ये बारीक गाळ शिरला की ब्रश अडकतो आणि स्लिप रिंगला (ब्रश ज्यावर घासतो ती फिरती कडी) नीट टेकत नाही. थोडी रेस दिल्यावर दिवा विझत असेल तर ब्रश झिजलेत किंवा पट्टा सैल आहे. ब्रश 5 मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदलायला सांगा, अख्खा अल्टरनेटर बदलायची गरज बहुतेकदा पडत नाही. आणि बॅटरीवर व्यवस्थित 14 येऊनही दिवा लागलेला असेल, तर दिव्याची बारीक वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकलीय का ते शोधा.

चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर ‘चेक’ करायची पद्धत अजून दिसते. ते कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जळू शकतो. उलट अल्टरनेटर खोलण्याआधी इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, कारण त्या जाड वायरीत बंद गाडीतही करंट असतो.