वडिलांचा जुना रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र असलेला सेट) २० वर्षं माळ्यावर पडून आहे, लावून बघू की भंगारात देऊ?

भंगारात देऊ नका आणि थेट प्लगही लावू नका. बाकीचं उत्तर नाही वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की पायोनियरचा सेट आहे, वडील बोटीवर असताना आणलेला, आणि वायरमन म्हणतोय "लावून बघूया, चालला तर चालला". हेच वाक्य मी स्वतःशी म्हणालो होतो २००६ साली चवथीच्या आदल्या दिवशी. आमच्या बाबांनी कुवेतहून येताना सान्सुई आणला होता, आम्ही गोव्यातले, फोंड्याकडचे, लहानपणी चवथीत माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या मंडपीच्या) बाजूला तोच वाजायचा. मी उत्साहात खाली काढला, पुसला, प्लग लावला. दोन मिनिटं काय सुंदर वाजला म्हणून सांगू, अभिषेकीबुवांची कॅसेट होती, आणि मग डाव्या स्पीकरातून भुम्म करून आवाज आला, जळका वास आला आणि संपलं. अँप्लिफायर गेला तो गेलाच, वर स्पीकरची कॉईलपण जळाली. आई आतून म्हणाली, "आता आरती तोंडानं म्हणा."

नंतर उघडून बघितलं तेव्हा कळलं. त्या काळच्या बऱ्याच जपानी सेटांत मोठे कंडेन्सर बोर्डावर हलू नयेत म्हणून एक पिवळसर गोंद लावायचे. तो जुना झाला की तपकिरी होतो, ओल धरतो, त्यातून करंट झिरपायला लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खाऊन टाकतो. आमच्याकडे चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने खारी हवा, म्हणजे त्या गोंदाला मेजवानीच. माझ्यात एका रेझिस्टरचा पाय तसाच खाल्लेला होता, त्यामुळे बायस (आउटपुटच्या ट्रान्झिस्टरला ठरवून दिलेला करंट) बिघडला, आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि सगळा डीसी सरळ स्पीकरात गेला. त्या मॉडेलात प्रोटेक्शनचा रिले, म्हणजे असं झालं की स्पीकर आपोआप तोडणारा स्विच, नव्हता. असा गोंद दिसला तर आधी खरवडून काढा, घाई नको.

दुसरी गोष्ट कंडेन्सरांची. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षं बंद राहिला की आतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर पातळ होतो, मग एकदम २३० व्होल्ट दिले की तो लीक होतो, तापतो, कधी कधी फुगतो. म्हणून सिरीज बोर्ड. जुन्या रेडिओवाल्याकडे बघितला असेल, फेजच्या वायरमध्ये मधेच ६० किंवा १०० वॅटचा बल्ब, पण तारेचा, एलईडी चालत नाही (तारेचा बल्ब मिळवणं हेच आता अर्धं काम आहे). चालू केल्यावर बल्ब एकदा झप्पकन पेटून मंद झाला तर बरं आहे, लखलखीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मंद झाला तर तसाच तास दोन तास राहू द्या. कोणाकडे डिमरस्टॅट (नॉबवाला ट्रान्सफॉर्मर) असेल तर आणखी छान, व्होल्टेज हळूहळू चढवता येतं.

हो, पण त्याच्याही आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा!! बोटीवरून आणलेले सेट कधी कधी ११० वरच असतात. २२० आणि २४० दोन्ही असतील तर २४० वर ठेवा, आमच्याकडे रात्री व्होल्टेज किती चढतं ते तुम्हाला माहीतच आहे. नुसता ११०-१२० चाच असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि झाकण उघडलंत की ब्रशनं झाडून घ्या, माझ्याकडे आलेल्या एकात कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं, दुसऱ्यात वाळलेली पाल, बरोबर दोन टर्मिनलांच्या मध्ये.

बल्बवर नीट राहिला तर स्पीकर न लावता स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर डीसीवर ठेवून बघा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, काही व्होल्ट दिसले तर स्पीकर लावूच नका. पहिल्यांदा लावताना पण टाकाऊ स्पीकर लावा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होणारच, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब २०-३० वेळा फिरवा, खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, लोक घालतात. आतले छोटे प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचे बारके नॉब) मात्र कुतूहल म्हणून फिरवू नका, ते बायसचे असतात.

आउटपुट गेलं असेल तर पार्ट शोधणं हीच खरी दुरुस्ती. टू एन ३०५५ सारखा साधा ट्रान्झिस्टरसुद्धा नकली येतो, हातात हलका लागतो. एसटीकेचे आयसी (अख्खं आउटपुट एकाच ठोकळ्यात असतं ते) तर विचारूच नका, छाप नवी आणि माल भलताच. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेले चारातले दोन पहिल्याच दिवशी गेले. जुन्या सेटातून काढलेला मिळाला तर तो घ्या. बसवताना खालचा मायका (करंट अडवणारा पातळ पापुद्रा) आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट विसरू नका.

मला ह्याचं वेड लागलं ते मात्र जत्रेच्या नाटकांमुळे. देवळासमोर मराठी नाटक रात्रभर चालायचं आणि माइकवाला विंगेत व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर घेऊन बसायचा. चालू केल्यावर अर्धा मिनिट काहीच नाही, मग व्हॉल्व्ह लाल व्हायचे आणि कर्ण्यातून हळूच हुंकार यायचा. आम्ही पोरं नाटक सोडून तेच बघत बसायचो. एकानं आत बोट घालायला गेल्यावर माइकवाल्यानं असा हात धरला की बस, कारण आत तीन-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरात राहतात. तुमचा ट्रान्झिस्टरवाला आहे, तेवढा जीवघेणा नाही, तरी मोठे कंडेन्सर १०० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरनं डिस्चार्ज करूनच हात लावा.

आमचा सान्सुई परत चालू झाला, पण आठ महिने गेले. आता कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवलाय ओल धरू नये म्हणून. फ्रीज चालू झाला की उजव्या बाजूला टिक्क करतो, ते मी तसंच ठेवलंय. तुमच्या सेटच्या मागच्या पॅनलचा फोटो टाका, सिलेक्टर कशावर आहे ते आधी बघू.