टिग मशीन घेताना एचएफ हवंच का? लिफ्ट आर्कवर भागेल का?

तुमचं विट्याला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. स्टेनलेसची रेलिंग आणि दुधाच्या छोट्या टाक्या करता. साध्या डीसी मशीनला टिगचा (आर्गन वायूत टंगस्टनच्या सुईने करायच्या वेल्डिंगचा) टॉर्च जोडून, घासून आर्क, म्हणजे विजेची ज्योत, मारता, पण टंगस्टन सारखा चिकटतो. आणि विक्रेता म्हणतो, एचएफशिवाय (हाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे टोक न टेकवता ठिणगीने आर्क पेटवायची सोय) मशीन घेऊच नका. मी कुपवाड एमआयडीसीत स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइपलाइनचं आर्गनचं काम करतो. माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या कामाला चांगलं लिफ्ट आर्क, म्हणजे टोक टेकवून उचललं की आर्क पेटतो ती सोय, पुरेसं आहे.

टंगस्टन का चिकटतो ते आधी बघा. घासून मारताना मशीन पूर्ण करंट द्यायला तयारच असतं. टोक जॉबला (वेल्ड करायच्या तुकड्याला) लागलं की शॉर्ट होतं आणि तो सगळा करंट त्या सुईएवढ्या टोकातून जातो. टोक चिकटतं, ओढलं की कण जॉबमध्येच राहतो. स्टेनलेस १,४०० अंशांच्या आसपास वितळतं, टंगस्टन ३,४०० च्या वर. म्हणजे तो कण वेल्डमध्ये विरघळून जात नाही, घट्ट तसाच बसतो. साखर कारखान्याच्या वाफेच्या पाइपची रेडिओग्राफी झाली की फिल्मवर तो पांढरा ठिपका होऊन दिसतो आणि जॉइंट परत करावा लागतो. तुमच्या टाकीचा एक्स-रे कुणी काढणार नाही, तरीही तो कण ग्राइंड करून काढाच. दुधाच्या भांड्यात खडबडीत जागा ठेवायची नसते.

लिफ्टमध्येही टोक टेकतंच. पण टेकलेलं असताना मशीन करंट अगदी कमी ठेवतं, टोक उचललं की मगच तो सेट केलेल्या आकड्यावर नेतं. हात असा ठेवा: सिरॅमिक नोझलची कड जॉबवर टेकवा, मनगट वळवून टोक हलकेच लावा, आणि तसंच मागे वळवून दीड-दोन मिलिमीटर उचला. झटका द्यायचा नाही. आर्क वेल्ड होणाऱ्या सांध्यातच सुरू करा, बाहेर पॉलिशवर डाग पडला तर तो घालवताना जीव जातो.

नवं मशीन येईपर्यंत सांध्याशेजारी तांब्याची पट्टी ठेवून तिच्यावर घासा आणि पेटलेला आर्क सांध्यावर आणा. तांब्यावर टोक सहसा चिकटत नाही.

एचएफमध्ये टोक टेकवावंच लागत नाही. हजारो व्होल्टची ठिणगी मधली फट ओलांडते, आर्गनमधून वाट तयार होते आणि मागून वेल्डिंगचा करंट येतो. काम सुंदर होतं. पण ती ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच आहे, शेजारी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) असेल तर त्याच्या कंट्रोलला त्रास होऊ शकतो. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर तिथे थांबूच नये.

ॲल्युमिनियम करणार असाल तर मात्र एचएफ असलेलं एसी-डीसी मशीनच घ्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० च्या वर. तो फोडायला एसी लागतो, आणि स्वस्तातली लिफ्ट मशीन बहुतेक नुसती डीसी असतात.

टंगस्टनला धार लांबीच्या दिशेनेच लावा, आडवी नको, नाहीतर आर्क भटकतो. लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किरणोत्सर्गी आहे, घासताना त्याची धूळ छातीत जाते. राखाडी किंवा निळ्या पट्टीचा मागा.

दुकानात जाताना १ मिलिमीटरचा स्टेनलेसचा पत्रा सोबत न्या. २०-२५ ॲम्पियरवर तुमच्याच हाताने चार-पाच वेळा आर्क मारून बघा. टोक चिकटलं किंवा बोथट झालं, तर त्या मशीनवर लिफ्ट असं नुसतं छापलंय समजा आणि दुसरं दाखवायला सांगा.