प्रश्न तुमचे : ‘सर, आठ की साठ?’

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून गेली चार वर्षे नववी-दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतो. रोज संध्याकाळी सलग तीन तास हेडसेट लावून बसावे लागते. मुलाने दिवाळीला दिलेला ब्लूटूथ हेडसेट गाणी ऐकताना फार गोड वाजतो. परंतु तास सुरू झाला की माझ्या कानात येणारा मुलांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, आणि मुलेही दर पाच मिनिटांनी ‘सर, आठ की साठ?’ असे विचारतात. शिवाय मला चष्मा असल्याने तासाभरात कानशिले दुखू लागतात. दुकानदार याहून महागडा हेडसेट घ्यायला सांगतो. दोन-अडीच हजारांच्या आत काम भागेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : भागेल. आपला हेडसेट बिघडलेला नाही आणि त्याच जातीचा महागडा घेतल्याने आपली अडचण सुटेलच असेही नाही, कारण ती किमतीत नसून जोडणीच्या प्रकारात आहे.

गाणी ऐकताना ब्लूटूथवरून आवाज एकाच दिशेने, म्हणजे संगणकाकडून कानाकडे जातो, आणि उपलब्ध असलेली सगळी वाट त्याच्या वाट्याला येते. तास सुरू होऊन माइक चालू झाला की आवाजाला दोन्ही दिशांनी जावे लागते. मग हेडसेट मूळ फोनवरील संभाषणासाठी आखलेल्या दुसऱ्याच पद्धतीवर उतरतो आणि दोन्ही बाजूंचा आवाज आक्रसतो. या पद्धतीच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतले जातात, आणि नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज पकडता येतो, या नियमानुसार 4,000 हर्ट्झच्या वरचे सारे काही गळून पडते. सुधारित प्रकारात 16,000 नमुने घेतले जातात, म्हणजे मर्यादा 8,000 हर्ट्झपर्यंत वाढते. पण संगणक आणि हेडसेट या दोघांनाही तो प्रकार येत असेल तरच त्याचा उपयोग. एकाला येत नसेल तर दोघेही निमूटपणे जुन्यावर येतात.

आता आपल्या मुलांचा प्रश्न. स्वर खालच्या पट्ट्यात असतात, त्यामुळे ते बहुधा धडपणे पोहोचतात. ‘स’ मात्र दातांच्या फटीतून घासत निघालेल्या हवेचा आवाज आहे आणि त्याचा मुख्य जोर 4,000 हर्ट्झच्या वरच असतो. ‘साठ’मधला ‘स’ वाटेत झडला की पलीकडे ‘आठ’ उरतो. म्हणून मुलांचे कान किंवा त्यांचे लक्ष यांना दोष देऊ नये. त्यांच्यापर्यंत खरोखरच अर्धा शब्द जात आहे. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ यांत आपण बोलताना जो फरक करतो, तोही याच वरच्या पट्ट्यात राहतो. लिहिताना एकच अक्षर वापरणाऱ्या मराठीला हा फरक कानानेच सांभाळावा लागतो, हे जाता जाता.

नवीन खरेदी होईपर्यंत एक उपाय बिनखर्चाचा आहे. ज्या ॲपवरून आपण तास घेता, त्याच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी ब्लूटूथ हेडसेटच ठेवावा आणि माइक म्हणून मात्र लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडावा. हेडसेटचा माइक कोणी मागत नसल्यामुळे तो गाण्यांच्या पद्धतीवरच राहतो आणि मुलांचा आवाज आपल्याला पुन्हा स्वच्छ येऊ लागतो. लॅपटॉपचा माइक तोंडापासून दूर असल्याने पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्न मुलांना ऐकू येतील, परंतु ‘स’ तरी पोहोचेल.

कायमचा उपाय म्हणजे यूएसबीची वायर असलेला, पुढे आलेल्या दांडीवर माइक असलेला साधा हेडसेट. तो आपण सांगितलेल्या किमतीत मिळतो. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारे छोटे साउंड कार्ड त्याच्या वायरीवरच्या डबीत किंवा कानाच्या वाटीत बसवलेले असते, त्यामुळे ब्लूटूथची ती अडचण येत नाही आणि बॅटरी ऐन तासात संपण्याचीही भीती नाही. वायरीचा जाच नकोच असेल तर ज्या बिनतारी हेडसेटसोबत यूएसबीत खोचायचा स्वतःचा रिसीव्हर येतो, त्यांतले काही माइक चालू असतानाही चांगले चालतात; मात्र आपल्या अंदाजपत्रकात ते क्वचितच बसतील.

माइक कोठे असावा, याला तो कोणता आहे यापेक्षा जास्त महत्त्व आहे असे माझे मत आहे. तोंड आणि माइक यांतील अंतर दुप्पट झाले की माइकपाशी पोहोचणारा आपला आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, पण खोलीतला गलका जिथल्या तिथेच राहतो. म्हणजे दांडी कपाळावर सरकवून बोलणारा माणूस आपला आवाज कमी आणि पंख्याचा जास्त पाठवत असतो. उलट माइक ओठांच्या थेट समोर आणला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांच्यासोबत सुटणारी फुंकर त्याच्यावर आदळून पलीकडे धबधब आवाज येतो. तळहात ओठांसमोर धरून ‘भागाकार’ म्हणून पाहावे, पहिल्याच अक्षराला फुंकर हाताला लागेल. आता हात हळूहळू तोंडाच्या कोपऱ्याकडे नेत तोच शब्द पुन्हा म्हणावा. जिथे फुंकर लागेनाशी होते, तिथे कोपऱ्यापासून दोन बोटांच्या अंतरावर माइकची जागा. त्याच्यावर स्पंजची टोपी आली असेल तर ती काढून टाकू नये.

कानशिलांचे दुखणे दोन कारणांचे असते. एक म्हणजे डोक्यावरच्या पट्टीचा आवळ आणि दुसरे म्हणजे चष्म्याची काडी, जी गादी आणि कवटी यांच्यामध्ये सापडते. कानावर टेकणाऱ्या लहान गाद्या पाळीलाच काडीवर दाबतात. संपूर्ण कानाला कवेत घेणाऱ्या मोठ्या गाद्या दाब कानाभोवती पसरवतात, म्हणून तीन तासांच्या कामाला त्या बऱ्या, पण त्या मऊ असायला हव्यात आणि हेडसेट हलका हवा. खेळांसाठी म्हणून विकले जाणारे, दिवे लुकलुकणारे हेडसेट पुष्कळदा 300 ग्रॅमच्या पुढे जातात. मानेला ते पहिल्या दिवशी जाणवत नाही, पंधरा दिवसांनी जाणवते. पट्टी फारच आवळत असेल तर आपल्या डोक्याहून किंचित रुंद अशी पुस्तकांची चळत उभी करून हेडसेट तिच्यावर रात्रभर चढवून ठेवावा. पट्टीत धातूची पाती असेल तर ती थोडी सैलावते; निव्वळ प्लास्टिकची असेल तर हा प्रयोग करू नये.

गादीच्या कापडाबद्दल मात्र मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण आपण कोकणात राहता. मी एकदा दिसायला चामड्यासारख्या, गुळगुळीत गाद्यांचा हेडसेट हौसेने घेतला होता. दोन पावसाळे काढल्यावर त्यांची साल निघू लागली आणि एका बैठकीनंतर आरशात पाहतो तर कानांभोवती, गळ्यावर आणि शर्टाच्या कॉलरवर काळ्या पापुद्र्यांचा सडा पडलेला. कृत्रिम चामडे घाम आणि दमट हवेत असेच फुटते. जाळीदार कापडाच्या किंवा साध्या स्पंजच्या गाद्या बाहेरचा आवाज कमी अडवतात, परंतु कान कमी उबतात आणि सालीचा त्रास राहत नाही. गाद्या कोणत्याही असोत, त्या काढता येतात का आणि त्या मापाच्या सुट्या गाद्या मिळतात का, हे घेतानाच विचारून ठेवावे.

खोक्यावरच्या ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ या आकड्याला भुलू नये. त्या दोन टोकांच्या मध्ये आवाज किती वरखाली होतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. ‘नॉइज कॅन्सलेशन’ या शब्दांचेही तसेच आहे. कानांतले नॉइज कॅन्सलेशन आपल्याला शेजारच्या मिक्सरपासून वाचवते, मुलांना नाही; मुलांसाठी ते माइकमध्ये असायला हवे. खोक्यावर नुसते शब्द छापलेले असतात, म्हणून ते कशाबद्दल आहेत हे विचारावे लागते.

खरी परीक्षा घरीच होते, तेव्हा परत घेण्याची मुभा देणाऱ्याकडूनच खरेदी करावी. आपण नेहमी जिथे बसता तिथे, पंखा नेहमीच्या वेगावर ठेवून, संगणकातल्या रेकॉर्डरवर ‘साठातून आठ वजा जाता बावन्न, सातातून चार वजा जाता तीन’ असे नेहमीच्या आवाजात रेकॉर्ड करावे आणि मग ते रेकॉर्डिंग फोनवर पाठवून फोनच्या स्पीकरवर ऐकावे, कारण मुलांपैकी बरीचशी तसेच ऐकत असणार. हेडसेट घेताना बहुतेक जण आपल्याला काय ऐकू येते तेवढेच पाहतात आणि त्याचा निम्मा भाग दुसऱ्यांच्या कानांसाठी असतो हे विसरतात.

आणखी एक. कान दोन्ही बाजूंनी झाकले की स्वतःचा आवाज दबल्यासारखा वाटतो आणि माणूस नकळत ओरडून बोलू लागतो. तीन तासांनी घसा बसतो तो यामुळेही. काही हेडसेटमध्ये आपलाच आवाज हलकासा आपल्या कानात परत सोडण्याची सोय असते. ती नसेल तर एकाच कानाचा हेडसेट हा शिक्षकांसाठी उत्तम पर्याय आहे, दाराची बेलही ऐकू येते. आवाज किती मोठा ठेवावा, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रौढांसाठीचे मान 80 डेसिबल आणि आठवड्याला 40 तास असे आहे. आपल्या वापराचे तास त्यात बसतात, आवाज तेवढा बेताचा ठेवावा.

प्रश्न : माझ्या हेडसेटला यूएसबी नसून गोल पिन आहे. लॅपटॉप चार्जिंगला लावला की पलीकडच्यांना सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज ऐकू येतो, आणि तोच हेडसेट कार्यालयातल्या जुन्या डेस्कटॉपला लावला तर माइक चालतच नाही. हेडसेट खराब आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या तक्रारीसाठी एक बैठक चार्जर काढून, बॅटरीवर करून पाहावी. घूं थांबला तर तो विजेच्या लाइनचा आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असते, आणि अर्थिंग नीट नसेल, किंवा तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जुगाड लावलेला असेल, तर ती गुणगुण माइकच्या नाजूक संदेशात शिरते. तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये चार्जर थेट लावावा. घरच्या अर्थिंगचीच शंका असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ती बाब हेडसेटपेक्षा महत्त्वाची आहे.

दुसऱ्या तक्रारीसाठी पिन हातात घेऊन तिच्यावरची काळी वळी मोजावीत. तीन वळी असतील तर त्या एकाच पिनेत डावा कान, उजवा कान, माइक आणि सामाईक जोड असे चार भाग आहेत. लॅपटॉप आणि फोनच्या एकेरी छिद्राला ती चालते. जुन्या डेस्कटॉपला कानांसाठी हिरवे आणि माइकसाठी गुलाबी अशी दोन छिद्रे असतात व तिथे दोन-दोन वळ्यांच्या दोन पिना लागतात. एकाच्या दोन पिना करणारी छोटी वायर स्वस्तात मिळते. गोल पिन लावायची सोय असलेले यूएसबी साउंड कार्डही काही शे रुपयांत येते आणि पुष्कळदा त्याने दोन्ही तक्रारी एकदमच मिटतात, म्हणून मी तेच घ्यायला सुचवीन. हेडसेट टाकून देण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकवते. परदेशातल्या विद्यार्थिनींना झूमवर शिकवताना मी तानपुरा लावते, पण त्यांना तो सुरुवातीला क्षणभर ऐकू येतो आणि मग विरून जातो. लांब आलाप घेतला की माझा आवाजही मध्येच बुडतो. चांगला माइक घेऊनही फरक पडला नाही.
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : दोष माइकचा नाही. अशा ॲपमध्ये बोलण्याखेरीजचा आवाज गाळणारी योजना असते. न बदलता सतत चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असा तिचा हिशेब. आणि न बदलता सतत चालू राहणे हेच तर तानपुऱ्याचे काम. तुमच्या स्थिर लागलेल्या षड्जालाही ती काही क्षणांनी पंख्याच्याच रांगेत बसवते. आवाज जितका सुरेल आणि ठाम, तितका तो बुडण्याचा धोका अधिक, असा हा उफराटा न्याय आहे.

झूमच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाचा पर्याय आहे. तो सेटिंगमध्ये सुरू करून शिवाय प्रत्येक तासाच्या सुरुवातीला पडद्यावरच्या बटनानेही चालू झाल्याची खात्री करावी. विद्यार्थिनींनीही तो आपापल्या बाजूला लावावा, नाहीतर त्यांचा स्वर तुमच्यापर्यंत येताना तसाच गाळला जाईल. त्यासोबत प्रतिध्वनी काढणारी योजना बंद ठेवली तर दोन्हीकडे हेडसेट किंवा वायरीचे इअरफोन लावणे आवश्यक होते, अन्यथा स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरून घुमू लागतो. गाण्यासाठी माइकही बोलण्यापेक्षा दूर, वीतभर अंतरावर ठेवावा. तारसप्तकात आवाज फाटणार नाही.

इंटरनेटवरून आवाज पोहोचायला थोडा वेळ लागतोच, त्यामुळे तुमच्याकडचा तानपुरा स्वच्छ ऐकू आला तरी विद्यार्थिनी त्याच्यावर गायली की तिचा स्वर तुमच्या तानपुऱ्याच्या मागे पडलेला ऐकू येईल, आणि दोघींनी एकत्र गाणे तर जमणारच नाही. तेव्हा तुम्ही गाताना तानपुरा तुमच्याकडे असावा, आणि तिची पाळी आली की तुमचा बंद करून तिने तिच्या घरी, दुसऱ्या फोनवर, त्याच पट्टीत स्वतःचा लावावा.