‘मॉडर्न फॅमिली’ या अमेरिकन विनोदी मालिकेतल्या ग्लोरियाच्या विनोदांवर लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, प्रेक्षक नाराज का असतात? ते फक्त विनोदच आहेत ना?

विनोद आहेतच, पण ते कुणावर आहेत ते बघा. ग्लोरिया कोलंबियाची. तिचे उच्चार, तिचा चढा आवाज, अंगाला घट्ट बसणारे कपडे आणि तिच्या गावातल्या खूनखराब्याचे किस्से, एवढ्यावर २००९ ते २०२० अशी अकरा वर्षं हशा पिकवला गेला. ग्लोरिया साकारणाऱ्या सोफिया व्हेर्गाराचं टायमिंग अफाट आहे, आणि म्हणूनच हे जास्त खटकतं. एका प्रसंगात ग्लोरिया वैतागून सांगते की प्रत्येक वाक्य आधी डोक्यात भाषांतरित करावं लागतं, स्पॅनिशमध्ये मी किती हुशार आहे हे तुम्हाला कळणारच नाही. तिथे ती खरीखुरी माणूस वाटते. असे क्षण मालिकेत फार थोडे.

शिवाय ती एकटी नाही. ‘विल अँड ग्रेस’मधली रोझारियो मोलकरीण, ‘फॅमिली गाय’मधली कॉन्सुएला मोलकरीण. तीच ती पात्रं वर्षानुवर्षं दिसत राहिली की ज्यांच्या ओळखीत एकही लॅटिनो नाही त्यांना तेच खरं वाटू लागतं.

उच्चारांवर विनोद करूच नयेत असं मी म्हणत नाही. २०१७ ची ‘वन डे ॲट अ टाइम’ ही मालिका बघा. रीटा मोरेनोने साकारलेली क्युबन आजी ठसकेबाज उच्चारांत बोलते, नटते, नाटकं करते, आपण पोट धरून हसतो. पण तिची मुलगी पेनेलोपी नर्स आहे, अफगाणिस्तानात सैन्यात राहून आलीय, नैराश्याशी झगडतेय. त्या घरात हसवणारी आणि हसणारी, दोन्ही माणसं क्युबनच आहेत.