डेंगळेच आले, कांदा नाही!

प्रश्न : परड्यात मोड आलेले कांदे लावले. पात आली, मग डेंगळे (फुलांचे दांडे). कांदा पोसलाच नाही. काय करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, मोड आलेल्या कांद्याला आता बी धरायचं असतं, म्हणून डेंगळे. पातीसाठी तो खुशाल लावा. कांदा हवा तर ताजंच बी घ्या; जुनं नीट उगवत नाही. आमच्या अलिबागेत भातकापणीनंतर पांढऱ्या कांद्याचं बी टाकतात. गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) जेमतेम 1 सेंटिमीटर खोल पेरा, 6-7 आठवड्यांनी रोपं 10 सेंटिमीटर अंतरावर लावा. कांदी (लावणीचे छोटे कांदे) लावायचीच तर लहान सुपारीएवढी निवडा, मोठ्यांना पुन्हा डेंगळे येतील. आणि माना पडू लागल्या, म्हणजे पात कांद्यापाशी मोडून आडवी होऊ लागली, की पाणी तोडा, नाहीतर कांदा टिकत नाही.